‘रन’ म्हणजे नुसतं धावणं नव्हे



आज एकच शब्द घेऊया. पहिलीच्या मुलालाही येतो असा. ‘रन’. रन, रॅन, रन. चित्रतक्त्यावर पळणारा मुलगा असतो, खाली ‘रन’ लिहिलेलं असतं, आणि आपण वर्गात म्हणतो, “रन म्हणजे धावणे.” मुलं वहीत उतरवून घेतात. झालं, शब्द शिकवून संपला.

मीसुद्धा बरीच वर्षं असंच शिकवलं. या शब्दाने माझीच परीक्षा घेतली तोपर्यंत. ती गोष्ट आधी सांगते, मग अर्थ आणि समानार्थी शब्दांकडे वळू. गोष्ट वाचताना तुम्हाला माझा थोडा राग आला तरी चालेल. (हे ‘चालेल’ लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.)

लाल शाईचा गोल

मी भोसरी परिसरातल्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्या मुलांचे पालक बहुतेक एमआयडीसीत कामाला. कोणी प्रेस शॉपमध्ये, कोणी सीएनसीवर, कोणी पेंट शॉपला, कोणी चाकणच्या मोठ्या कारखान्यात कंत्राटावर. कोणाचं मूळ गाव लातूरकडे, कोणाचं जळगावकडे, कोणाचं जुन्नर-आंबेगावला, काही मुलं थेट उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली आणि दोन वर्षांत आमच्यापेक्षा झणझणीत मराठी बोलणारी.

सातवीच्या वर्गाला मी ‘माय फादर’ या विषयावर दहा वाक्यं लिहायला सांगितली होती. वह्या तपासताना एका मुलाचं चौथं वाक्य असं होतं: “माय फादर वॉक्स अ मशीन.”

मी त्याला लाल शाईने गोल केला. वर ‘रन्स’ लिहिलं. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी ‘सर्वसाधारण चुका’ सांगताना मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचलं. मुलाचं नाव घेतलं नाही, पण बाकावरच्या जोडीदाराला वही कोणाची ते माहीत असतंच की. मागून कोणीतरी म्हणालं, “मशीनला पट्टा बांधून फिरायला नेतोय!” सगळा वर्ग हसला. खरं सांगते, मीही हसले.

तो मुलगा त्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला हात वर करायचा बंद झाला. ते माझ्या लक्षात यायलाही तीन आठवडे लागले.

मग पालक सभा झाली. त्याचे वडील पहिली शिफ्ट संपवून परस्पर आले होते, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. मी वही पुढे केली. त्यांनी ती डाव्या हाताने घेतली, आणि पान उलटताना मला उजवा हात दिसला. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही अर्धीच होती.

ते त्या पानावर थांबले. म्हणाले, “मॅडम, हे वाक्य त्याचं नाही. माझं आहे. तो विचारत होता, पप्पा, चालणेला इंग्लिशमध्ये काय म्हणतात? मी म्हटलं वॉक. तेवढं मला येतं. मी मशीन चालवतो, म्हणून त्याने तसं लिहिलं. तो घरी येऊन काही बोलला नाही. त्याच्या आईला कळलं शेजारच्या पोराकडून.”

मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, “अहो, बरोबर शब्द ‘रन’ आहे. मशीन चालवणे म्हणजे रन अ मशीन.”

ते जरा हसले. “रन मला माहीत आहे, मॅडम. चांगलाच माहीत आहे.”

आणि त्यांनी हात टेबलावर ठेवला.

इंच आणि रन

पालकहो, तुमच्यापैकी जे प्रेसवर काम करतात त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, कारण मलाही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

पॉवर प्रेस म्हणजे पत्र्याला दाब देऊन आकार देणारं यंत्र. वरचा जड भाग खाली येतो, खालच्या डायवर पत्रा ठेवलेला असतो, आणि एका ठोक्यात भाग तयार होतो. या यंत्राला एक फिरवायचा खटका असतो. खटका ‘इंच’वर असेल तर बटण दाबून धराल तेवढाच वरचा भाग सरकतो, थोडा थोडा. डाय बसवताना हे लागतं. ‘सिंगल’वर असेल तर एकदा दाबलं की एकच ठोका. आणि ‘रन’वर असेल, काही यंत्रांवर तिथे ‘कंटिन्युअस’ लिहिलेलं असतं, तर एकदा सुरू झालं की थांबवेपर्यंत ठोक्यामागून ठोका.

ते तेव्हा एका छोट्या वर्कशॉपमध्ये हेल्पर होते, गावाहून येऊन चार महिने झालेले. खटक्यावरची अक्षरं इंग्रजीत होती. कोणी समजावलं नव्हतं. “इकडे फिरवलं की असं, तिकडे फिरवलं की तसं,” एवढंच बोटाने दाखवलेलं. त्यांचे शब्द जसेच्या तसे आठवतात: “मला वाटायचं इंच म्हणजे फुटपट्टीवरचा इंच. जॉबच्या मापाचं काहीतरी असेल. आणि रन म्हणजे क्रिकेटमधला रन. त्याचा आणि मशीनचा काय संबंध?” त्या दिवशी खटका रनवर राहिला होता. त्यांनी अडकलेला तुकडा काढायला हात घातला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तो अपघात एका इंग्रजी शब्दामुळे झाला असं मी म्हणत नाही. त्या प्रेसला गार्ड नव्हतं. नव्या माणसाला काम शिकवलेलं नव्हतं. खरं कारण ते. 1948 च्या कारखाना कायद्यानेच यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालणं मालकावर बंधनकारक केलं होतं. त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं: कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. म्हणजे शब्द समजणं ही चैनीची गोष्ट नाही, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं. मला मात्र ते कळायला एका पालकाचा हात पाहावा लागला.

मी रात्री घरी शब्दकोश काढून बसले.

एका शब्दाचे किती अर्थ?

ऑक्सफर्डचा जो थोरला इंग्रजी शब्दकोश आहे, त्याच्या जुन्या आवृत्तीत सर्वांत जास्त अर्थांचा मान ‘सेट’ या क्रियापदाकडे होता. नव्या आवृत्तीचं काम चालू असताना संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ हातात घेतला. त्या एका शब्दावर त्यांचे नऊ महिने गेले आणि 2011 मध्ये आकडा बाहेर आला: नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ! आपण वर्गात सांगतो एक. उरलेले 644 मुलांनी कुठून आणायचे?

घाबरू नका, 645 शिकवायचे नाहीत. पण सात-आठ गट केले तर बरंच आवाक्यात येतं. मी वर्गात करते ते गट असे.

पहिला गट: पायाने धावणे. “द बॉय रन्स.” इथे समानार्थी शब्द पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाची चाल वेगळी. ‘जॉग’ म्हणजे सावकाश, दमाने धावणे. ‘स्प्रिंट’ म्हणजे थोड्या अंतरासाठी जीव तोडून धावणे. ‘डॅश’ म्हणजे झटकन एखाद्या ठिकाणी धाव घेणे. ‘फ्ली’ म्हणजे जीव वाचवायला पळून जाणे. मुलांना सांगा, मराठीतही असंच आहे. ‘धावणे’ आणि ‘पळणे’ एकच वाटतात, पण संकटात देव धावतो, चोर पळतो. ‘मदतीला धावला’ म्हटलं की माणूस मोठा होतो, ‘पळाला’ म्हटलं की छोटा. शिवाय धूम ठोकणे, पोबारा करणे, पळ काढणे आहेतच. समानार्थी शब्द म्हणजे अदलाबदल करता येणारे शब्द नव्हेत, हे इथेच मुलांच्या लक्षात येतं.

दुसरा गट: यंत्र चालणे, चालवणे. “द मशीन इज रनिंग.” समानार्थी: ‘वर्क’, ‘ऑपरेट’, ‘फंक्शन’. यंत्र चालवणाऱ्याला आपल्याकडे सगळे ऑपरेटरच म्हणतात, म्हणून ‘ऑपरेट’ आमच्या मुलांना लगेच कळतो.

तिसरा गट: संस्था, दुकान, घर चालवणे. “शी रन्स अ शॉप.” समानार्थी: ‘मॅनेज’. मोशीत एखादी आई पोळीभाजीचे डबे करून देत असेल तर तिच्यासाठी हेच क्रियापद: शी रन्स अ मेस. आणि घर चालवते तेही रनच.

चौथा गट: वाहणे. नदी वाहते, नळ वाहतो, नाक वाहतं. समानार्थी: ‘फ्लो’. पण जपून! नदीला ‘फ्लो’ चालतो, नाकाला ‘रन’च लागतो. कपडे धुताना रंग जातो, त्यालाही इंग्रजीत ‘रन’च म्हणतात.

पाचवा गट: गाडी ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी असणे. “द बस रन्स एव्हरी हाफ अवर.” गंमत बघा, इथे आपली वर्तमानपत्रंही धावतात. 6 मार्च 2022 ला पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली, तेव्हा ‘मेट्रो धावू लागली’ असंच आपण वाचलं आणि बोललो.

सहावा गट: पसरणे, जाणे. “द रोड रन्स फ्रॉम पुणे टू नाशिक.” रस्ता भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर असा जातो. मराठीत रस्ता ‘जातो’, इंग्रजीत ‘धावतो’. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या चौकात अडकलेल्या कोणाही माणसाला विचारा, मराठीच बरोबर आहे असं तो सांगेल. त्यातही ‘जातो’ म्हणणं जरा जास्तच होतं.

सातवा गट: शेजारी छोटा शब्द आला की अर्थ बदलतो तो. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे संपणे. ‘रन इन्टू’ म्हणजे अचानक गाठ पडणे, किंवा जाऊन धडकणे. ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून गाडी जाणे. ‘रन अवे’ म्हणजे पळून जाणे. मी फळ्यावर “वी हॅव रन आउट ऑफ मिल्क” लिहिलं, तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मॅडम, दुधाला रनआउट कोणी केलं?” हा विनोद तुमच्याही वर्गात होणार. होऊ द्या. तो अर्थ त्यांना आयुष्यभर लक्षात राहतो.

आठवा गट: सुटे सुटे वापर. अंगात ताप असणे, धोका पत्करणे, घराण्यात एखादा गुण चालत येणे, या सगळ्याला ‘रन’ लागतो. निवडणुकीला अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, म्हणजे धावतो. इंग्लंडमधला ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. आपलाही उभाच राहतो. निवडून आल्यावर बसतो, हे मुलांनीच सांगितलं, मी नाही.

इंग्रजी धावते, मराठी चालते

हे गट करता करता रात्री अकराच्या सुमारास माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या गटापासून पुढे बघा. इंग्रजीत जिथे जिथे ‘रन’ आहे, तिथे मराठीत बहुतेक ठिकाणी ‘चालणे’ आहे. मशीन चालतं. दुकान चालतं. घर चालतं. सिनेमा चालतो. घड्याळ चालतं. गुण घराण्यात चालत येतो. साऱ्या जगाचा व्यवहार त्यांच्याकडे धावतो, आपल्याकडे चालतो.

मग त्या मुलाने काय चूक केली होती? ‘चालणे’ या मराठी शब्दाची पूर्ण ताकद त्याला ठाऊक होती. त्याने ती ताकद ‘वॉक’वर टाकली. ‘वॉक’ला ती पेलत नाही, एवढंच. त्याचा विचार बरोबर होता, तर्क बरोबर होता, पूल चुकीच्या ठिकाणी बांधला गेला. आणि मी त्या विचाराला हसले होते.

आता ते मघाचं ‘चालेल’ आठवा. “चहा चालेल का?” “चालेल की.” “दोन पोळ्या चालतील?” “मला असलं वागणं चालणार नाही.” हे सगळं इंग्रजीत ‘रन’ने सांगून बघा. जमणार नाही. तिथे ‘ओके’, ‘विल डू’, ‘अलाऊ’ असे वेगवेगळे शब्द शोधावे लागतात. म्हणजे आपला ‘चालणे’ हा काही कमी अर्थांचा शब्द नाही. त्याचे अर्थ मोजायला नऊ महिने कोणी बसलं तर त्यालाही पुरेसं काम मिळेल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश (पहिली आवृत्ती 1831, सुधारित 1857) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्हींतली ‘चालणे’ ही नोंद मुलांना एकदा उघडून दाखवा. आपल्या घरातल्या शब्दाला एवढी जागा मिळाली आहे हे बघून मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते बघण्यासारखं असतं.

आणखी दोन शब्द सांगते. पैशाला आपण ‘चलन’ म्हणतो. जी चालते ती नोट. नोव्हेंबर 2016 मध्ये पाचशे-हजारच्या नोटा ‘चालेनाशा’ झाल्या, तेव्हा हा अर्थ आमच्या भागात लहान पोरालाही कळला. रोख पगार घेणारी माणसं रांगेत उभी होती. इंग्रजीत पैशाला म्हणतात ‘करन्सी’. हा शब्द ‘कुरेरे’ या लॅटिन क्रियापदावरून आला. कुरेरे म्हणजे धावणे! त्यांचा पैसा धावतो, आपला चालतो.

दुसरा शब्द तर आपल्याच टेबलावरचा. ‘करिक्युलम’. तोही त्याच कुरेरेवरून. मूळ अर्थ धाव, शर्यतीचा मार्ग. आपण त्याला म्हणतो ‘अभ्यासक्रम’. यातला ‘क्रम’ हा संस्कृत धातू, अर्थ पाऊल टाकणे. म्हणजे एकाच गोष्टीला त्यांनी शर्यत म्हटलं आणि आपण पावलं म्हटलं.

शिक्षक मित्रांनो, मी यावर फार विचार केला. भाषेवरून माणसांचे स्वभाव ठरत नाहीत, हे मला माहीत आहे. चाकणच्या लाइनवर ताशी किती नग निघाले हे मोजतात तेव्हा मराठी माणूसही धावतोच. आणि आषाढी वारीसाठी इथूनच, देहू आणि आळंदीहून, पालख्या निघतात. तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते तेव्हा एमआयडीसीतले रस्ते थबकतात आणि लाखो माणसं पंढरपूरपर्यंत नुसती चालतात. त्याच परिसरात दोन्ही गोष्टी आहेत. प्रश्न एवढाच की वर्गात आपण काय करतो. जून 2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. ते यायला हवंच होतं. पण अभ्यासक्रम ‘संपवायच्या’ नादात आपण शब्दाला एक अर्थ चिकटवतो आणि पुढे धावतो. मागे राहिलेल्या मुलाच्या वहीत लाल गोल राहतो.

वर्गात काय केलं

पुढच्या सोमवारी मी वर्गात सांगितलं, “गेल्या महिन्यात मी एका वाक्याला चूक दिली होती आणि वर ते हसण्यावारी नेलं होतं. हसणं माझी चूक होती. ते वाक्य का लिहिलं गेलं ते आज बघू.” फळ्याच्या डाव्या बाजूला ‘चालणे’, उजव्या बाजूला ‘रन’. मुलांनी दोन्हीकडून वाक्यं सांगायची, जुळतील त्यांना रेघेने जोडायचं. ‘चहा चालेल’ एकटंच उरलं, ‘नाक रन होतं’ एकटंच उरलं. वीस मिनिटांत फळ्यावर जाळं झालं.

मग मी विचारलं, “मशीनवर इंच आणि रन लिहिलेलं असतं. अर्थ कोणाला माहीत आहे?”

तो हात वर करील असं मला वाटत होतं. त्याने केला नाही. दुसऱ्याच एका मुलीने केला, तिचे काका प्रेसवर आहेत. तिने अर्धवट सांगितलं. तेव्हा तो बसल्या जागेवरून हळूच म्हणाला, “इंचमध्ये बटण सोडलं की थांबतं.” मी म्हटलं, “आणि रनमध्ये?” तो म्हणाला, “सोडलं तरी थांबत नाही. आपण थांबवायला लागतं.”

वर्ग गप्प होता. ‘रन’ या शब्दाची इतकी चांगली व्याख्या मला कोणत्याही शब्दकोशात मिळाली नव्हती. मी ती त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिली, आणि मुलांनी वहीत उतरवून घेतली.

हे सगळं झाल्यावर तो लगेच इंग्रजीत बडबड करायला लागला, असं काही झालं नाही. चाचणीत त्याला वीसपैकी नऊ मिळाले. पण पालकांच्या पुढच्या सभेला त्याचे वडील आले, तेव्हा खिशातून एक कागद काढला. त्यांच्या आत्ताच्या कंपनीतल्या पॅनेलवरचे तेवीस शब्द त्यांनी इंग्रजी अक्षरं बघून बघून उतरवून आणले होते. स्टार्ट, स्टॉप, रन, जॉग, रिसेट, फॉल्ट, होम, ऑटो, मॅन्युअल… “मॅडम, कामापुरते सगळे कळतात. पण याचे खरे अर्थ सांगा. नवीन पोरं येतात, त्यांना मीच शिकवतो आता.” आम्ही दोघांनी बसून ते मराठीत लिहिले. ‘होम’ला काय लिहावं यावर बराच खल झाला. यंत्राचा भाग जिथून निघाला तिथे परत येतो ती जागा. शेवटी त्यांनीच सुचवलं, “मूळ जागा.”

तुमच्यासाठी गृहपाठ

शिक्षकांनी एवढं करून बघावं:

1. सहावी-सातवीच्या मुलांना घरातल्या मोठ्या माणसाच्या कामावरचे पाच इंग्रजी शब्द लिहून आणायला सांगा. कारखाना, रिक्षा, शिवणयंत्र, दवाखाना, भाजीचा गाळा, काहीही. अर्थ मुलांनी घरी विचारून लिहायचा, शब्दकोशातून नाही.

2. त्यातले जे शब्द पाठ्यपुस्तकातही आहेत, त्यांचे दोन अर्थ शेजारी शेजारी मांडा. ‘प्रेस’, ‘जॉब’, ‘शिफ्ट’, ‘डाय’, ‘सेट’, ‘लाइन’. एका ‘डाय’ने पत्र्याला आकार येतो आणि दुसऱ्या ‘डाय’चा अर्थ मरणे, हे कळल्यावर वर्गात काय होतं ते बघाच.

3. मुलाचं वाक्य चुकलं तर लाल गोल करण्याआधी एकदा विचारा, “हे तू कसं लिहिलंस?” उत्तरात बहुतेक वेळा एक शुद्ध मराठी वाक्य दडलेलं असतं.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. “आम्हाला इंग्रजी येत नाही” असं मुलासमोर म्हणू नका. तुमच्या यंत्रावर, तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर, तुमच्या दुकानातल्या काट्यावर जे शब्द आहेत, ते तुम्ही रोज हाताने वापरता. मुलाला तिथे नेता आलं तर न्या. नाही तर निदान फोनमध्ये फोटो काढून आणा आणि रात्री जेवताना त्याच्याबरोबर वाचा. एखादा अर्थ अडला तर शाळेत विचारायला पाठवा. आम्हाला येत असेल तर सांगू, नसेल येत तर आम्ही तुम्हाला विचारू.

त्या वडिलांचा कागद मी झेरॉक्स करून वर्गाच्या भिंतीवर लावला आहे. वर ‘आमच्या पालकांचा शब्दकोश’ असं शीर्षक दिलंय. तेवीसचे आता एकसष्ट शब्द झालेत. पुढच्या आठवड्यात ‘सेट’ घेणार आहे. मशीनचा सेटर, सोन्याचा सेट, मावळणारा सूर्य आणि ‘अमुकचं सेटिंग आहे’ हे सगळं एका फळ्यावर कसं मावतं ते बघू.